‘डेटा नाही’ म्हणता, तर आमच्या घरी या
बालरोगतज्ज्ञांना आणि संशोधकांना एका आशाताईचं खुलं पत्र

प्रति,
विदर्भातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतले बालरोगतज्ज्ञ, संशोधक, आणि संशोधन कशावर व्हावं हे ठरवणारी व त्याला पैसा देणारी सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी वर्धा नदीच्या काठच्या एका गावात पंधरा वर्षांपासून आशा, म्हणजे घरोघरी जाणारी आरोग्य कार्यकर्ती, म्हणून काम करते. हे पत्र लिहायचं ठरवलं ते तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी. माझी पावणेतीन वर्षांची नात लाकडी बैल ओढत चावडीपर्यंत पळत गेली आणि पळत परत आली, धाप न लागता. त्याच वेळी शेजारच्या गावची एक म्हातारी माझ्या ओट्यावर बसून रडत होती. तिची सून चार महिन्यांपासून मोठ्या सरकारी रुग्णालयात बाळाजवळ आहे. सातव्या महिन्यात झालेलं बाळ. आता ते दूध चांगलं ओढतं, वजन अडीच किलोच्या वर गेलंय, सलाईन नाही, सुई नाही. फक्त नाकात बारीक नळी, आणि तिच्यातून पाव लिटर ऑक्सिजन. तेवढ्यासाठी आई वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात सतरंजीवर झोपते. घरी चार वर्षांचा थोरला आजीजवळ. पेरणी गेली, निंदण गेलं, बाईची एका हंगामाची मजुरी गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्या म्हातारीला घेऊन डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, ‘घरी सोडलं आणि रात्री लाईन गेली तर? ताई, खेड्यातल्या घरी ऑक्सिजन दिल्यावर अशा बाळांचं पुढे काय होतं, याचा आपल्याकडे डेटाच नाही. आता ठरलंय, ऑक्सिजनवरचं बाळ खेड्यात सोडायचं नाही.’

डॉक्टर खोटं बोलत नव्हते. रात्रपाळी करून उभे होते, डोळे लाल झालेले, तरी आम्हा दोघींना खुर्ची दिली. मी त्यांना दोष देत नाही. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. डेटा नाही. मग तो गोळा करणं कोणाचं काम होतं? म्हणून हे पत्र एकट्या त्या डॉक्टरांना नाही, तुम्हा सर्वांना आहे.

माझ्याजवळ एक वही आहे. शंभर पानी, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली. तिच्यात एकशे त्रेसष्ट रात्री लिहिलेल्या आहेत.

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवाळी होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच कळा सुरू झाल्या. अठ्ठाविसावा आठवडा. नात जन्मली तेव्हा वजन १,०५० ग्रॅम. काचेच्या पेटीत, आधी व्हेंटिलेटर, मग नाकातून दाबानं हवा देणारं सीपॅप, मग नाकातली नळी. छत्तीस आठवड्यांचा हिशेब पूर्ण झाला तरी ऑक्सिजन सुटेना, तेव्हा डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ब्रॉन्कोपल्मोनरी डिस्प्लेजिया. १९६७ साली पहिल्यांदा वर्णन झालेला आजार आहे, म्हणजे तुम्हा लोकांना नवा नाही. आमच्या भाषेत, फुफ्फुस कच्चं राहिलं, ते बाळ वाढेल तसं वाढेल, तोवर श्वासाला टेकू द्यायचा. सत्त्याण्णव दिवस दवाखान्यात काढले. त्या वेळी तिथे एक डॉक्टर मॅडम होत्या, त्यांनी धाडस केलं. म्हणाल्या, ‘तुम्ही आशा आहात, श्वास मोजता येतो, तुमच्यावर विश्वास ठेवते.’ आम्हाला घरी सोडलं. ती बाळाची पुण्याई की माझ्या पिशवीची, मला माहीत नाही. पण आजी आशा नसलेल्या बाळानं काय करायचं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

घर तयार करायला आठ दिवस लागले. फेब्रुवारी महिना, कापूस घरात. विदर्भात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. भाव वाढेल या आशेवर शेतकरी कापूस राहत्या घरात भरून ठेवतो, छतापर्यंत. आमच्या मधल्या खोलीत तेवीस क्विंटल होता. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण ठिणगी पडली तर आग भडकवतो, आणि हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र चालणार त्याच्या भिंतीला लागून कापूस. मिळेल त्या भावानं विकला. जावई चार दिवस गप्प होते, कारण महिनाभरानं भाव चढला. चूल परसात नेली. सासूबाईंचा देव्हारा दुसऱ्या खोलीत हलवला, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दिवा लावायची जागा बदलली. आणि मी स्वतः पंधरा वर्षं घरोघरी सांगत आले तरी न सुटलेली गोष्ट, बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी आणि बाळाला द्यायची ओव्या-वावडिंगाची धुरी, ती आमच्या घरातून एका दिवसात बंद झाली.

यातलं एकही वाक्य रुग्णालयानं दिलेल्या कागदावर नव्हतं. कागद इंग्रजीत होता. भाच्यानं वाचून दाखवला. सिगारेट ओढू नका, गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवा. आमच्याकडे सिगारेट कोण ओढतं? चूल, पऱ्हाटीच्या काड्यांचा धूर, समई, धूप, मच्छर अगरबत्ती, घरात भरलेला कापूस, मालिश करून तेलकट झालेल्या हातानं सिलिंडरची चावी फिरवणं, हे आमचे धोके. सिलिंडरच्या तोंडाशी तेल नको, हे मला गॅस भरून देणाऱ्या माणसानं सांगितलं, डॉक्टरांनी नाही.

आता वहीतल्या काही ओळी जशाच्या तशा देते. त्यातले ९४, ८८ असे आकडे म्हणजे नातीच्या रक्तातल्या ऑक्सिजनचे टक्के, आणि डीपी म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर.

‘९ एप्रिल. दुपारी २.१० ला लाईन गेली, ३.५५ ला आली. सिलिंडर लावलं. ९४. ओल्या फडक्यानं अंग पुसलं.’

‘२ मे. यंत्र तापून बंद. पिवळा दिवा. सिलिंडर. ९३. रात्री ९ नंतर यंत्र परत सुरू.’

‘२३ मे. पहाटे नळी उंदरानं कुरतडलेली दिसली. ८८. नळी बदलली, दहा मिनिटांत ९४.’

‘१४ जून. वादळ. डीपी उडाली.’

१४ जूनच्या पुढे त्या पानावर काही नाही. पुढची तीन पानं फक्त आकडे आहेत. एकतीस तास लाईन नव्हती. शेजारच्यांच्या घरावरचे टिनाचे पत्रे उडून आमच्या अंगणात पडले होते. लाईनमन म्हणाला, उद्या संध्याकाळपर्यंत काही खरं नाही. इन्व्हर्टर चार तासांत संपला. लेकीच्या मोबाईलमध्ये अकरा टक्के चार्जिंग उरलं, ते दवाखान्याला फोन करायची वेळ आली तर म्हणून राखून बंद करून ठेवला. कंदील लावायचा नाही, ऑक्सिजन चालू. मग एका चार्जिंगच्या टॉर्चवर रात्र काढली, तीही सारखी नाही, दर पंधरा मिनिटांनी एक मिनिट लावायची, छातीवर उजेड धरायचा, लेक घड्याळ बघायची, मी श्वास मोजायची. अठ्ठेचाळीस. पन्नास. सेहेचाळीस. आशाच्या प्रशिक्षणात शिकवतात, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या बाळाचे पन्नास किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. नात सात महिन्यांची होती. पन्नास आला की आम्ही दोघी परत मोजायचो. लेक पाण्यात देव घालून बसली होती.

नात वाचली ती एका छोट्या वस्तूमुळे, आणि ही गोष्ट तुम्ही नीट ऐकावी म्हणून हिशेबासकट सांगते. आमचं लहान सिलिंडर सुमारे १,५०० लिटरचं. मिनिटाला किती ऑक्सिजन सोडायचा ते फ्लोमीटरवर लावतात, पण मोठ्या माणसांसाठी असलेल्या फ्लोमीटरवर एक लिटरच्या खाली नीट लावता येत नाही. मिनिटाला एक लिटरनं १,५०० लिटर पंचवीस तासांत संपतात. लाईन आली एकतीस तासांनी, म्हणजे शेवटचे काही तास आमच्याजवळ काहीच उरलं नसतं. पण नर्सिंग शिकणाऱ्या भाच्यानं महिनाभर हिंडून लहान बाळांचं, लिटरच्या आतल्या खुणा असलेलं फ्लोमीटर मिळवलं होतं. पाव लिटरनं तेच सिलिंडर शंभर तास पुरतं. चार दिवस. फरक एवढाच. बाळाला घरी सोडताना हे फ्लोमीटर कोणी दिलं नव्हतं.

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली यंत्राची. २०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर ऑक्सिजन काढणारी यंत्रं देशभर आली. केंद्रानं एप्रिल २०२१ मध्येच एक लाख यंत्रं घ्यायचं जाहीर केलं होतं, शिवाय देणगीदारांनी दिली ती वेगळी. आमच्या भागातही आली, त्यातली काही कव्हर घालून कोपऱ्यात उभी आहेत, रजिस्टरला त्यांची नोंद आहे. आमच्या नातीला त्यातलंच एक मिळालं, दहा ठिकाणी सह्या करून. यंत्र चांगलं आहे. हवा ओढतं, त्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, आत झिओलाइटच्या खड्यांची चाळणी असते, ती नायट्रोजन धरून ठेवते आणि नव्वद टक्क्यांच्या वरचा ऑक्सिजन नळीत सोडते. पण पाच लिटरच्या यंत्रावरच्या फ्लोमीटरची गोळी अर्ध्या लिटरच्या खाली स्थिर राहत नाही. बाळाला हवा पाव. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन कच्च्या बाळाच्या डोळ्यांना घातक ठरू शकतो, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. आणि पुस्तिकेत लिहिलंय, यंत्र ४० अंशांपर्यंत चालवावं. विदर्भात मे महिन्यात सावलीत ४५ अंश असतात. टिनाखालच्या खोलीत किती असतील? २ मेच्या नोंदीचं कारण हेच. या उन्हात, या कापसाच्या तुसात, विहिरीवरच्या मोटारी सुरू झाल्या की पडणाऱ्या व्होल्टेजमध्ये ही यंत्रं किती ऑक्सिजन देतात, हे कोणी घरात येऊन मोजलंय का? यंत्राचा फिल्टर आठवड्याला धुवायचा असतो. मी एक दिवसाआड धुवायची, पाणी काळं निघायचं.

ऑक्सिमीटरचंही तसंच. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत सप्टेंबर २०२० ला आमच्या हातात जे आलं ते मोठ्या माणसाच्या बोटाचं. बाळाच्या बोटाला ते बसतच नाही, आकडा नाचतो. बाळाच्या पायाला गुंडाळायची पट्टी लागते. शिवाय डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, मोठ्या माणसांवरचा. काळ्या रुग्णांमध्ये ऑक्सिजन खरा कमी असून ऑक्सिमीटरला न दिसण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघालं. आमची लेकरं सावळी आहेत, काळी आहेत. आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, त्या मुलांचाही ऑक्सिजन उतरतो. त्यांच्या पायावरचा ९३ हा खरा ९३ आहे का, हे आम्ही कोणाला विचारायचं?

दुसरी तक्रार नियमांची. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनं २०१९ साली मुलांच्या घरच्या ऑक्सिजनबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. वर्षाच्या आतल्या बाळाचा ऑक्सिजन ९० किंवा त्याखाली, मोठ्या मुलाचा ९३ किंवा त्याखाली, आणि मोजलेल्या वेळेच्या ५ टक्के वेळ तो तसा राहिला, किंवा वेगवेगळ्या तीन मोजण्यांत तसा दिसला, तर तो कमी धरायचा. आठ तासांच्या झोपेत हे होतात चोवीस मिनिटं. ब्रिटनच्या तज्ज्ञांनी त्याआधी २००९ मध्ये सूचना केल्या होत्या, त्यांत ९३ किंवा वर ठेवा असं आहे. हे सगळं भाच्यानं मला मराठीत समजावलं. त्यात एक गोष्ट ऐकून मी चकित झाले. सूचना करणाऱ्या अमेरिकन तज्ज्ञांनीच लिहिलंय की त्यांच्यामागचा पुरावा फार कमकुवत आहे. म्हणजे जिथे चोवीस तास वीज आहे, फोन केला की सिलिंडर दारात येतो, तिथेही पुरावा पुरेसा नाही, तरी बाळं घरी जातात, कारण बाळ घरी वाढावं हे त्यांनी मान्य केलंय. आमच्याकडे पुरावा नाही म्हणून बाळ घरी जात नाही, आणि बाळ घरी जात नाही म्हणून पुरावा तयार होत नाही. या चक्रातून आम्हाला कोण सोडवणार?

आणि बाळ दवाखान्यात ठेवणं म्हणजे धोका टाळणं, असं समजू नका. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. विदर्भातली कोणतीही आई त्या कक्षाच्या दारात उभी राहते तेव्हा तिला ते आठवतं. गर्दीच्या वॉर्डात एका बाळाचा ताप दुसऱ्याला लागतो. घरचा धोका मोजला नाही, तसा महिनोन्‌महिने वॉर्डात राहण्याचा धोकाही त्याच तराजूत मोजला गेला नाही. आणि कित्येक बाया कंटाळून सही करून बाळ घरी नेतात, ऑक्सिजनशिवाय. मी माझ्याच भागात अशी दोन घरं पाहिली. त्यातल्या एका घरी आता बाळ नाही. ते कोणत्या रजिस्टरला लागलं?

तिसरी, पैशांची, थोडक्यात सांगते. पाच लिटरचं यंत्र साधारण ३५० वॉटचं. चोवीस तास चाललं तर रोज आठ-साडेआठ युनिट, महिन्याला अडीचशेच्या वर. आमचं आधीचं बिल साठ-सत्तर युनिटचं. स्लॅब बदलला, बिल भरायला लेकीचे कानातले मोडले. आरोग्य योजनेच्या खिडकीवर विचारलं तर उत्तर मिळालं, घरचा ऑक्सिजन बसत नाही.

चौथी तक्रार ऑक्सिजन बंद कसा करायचा याची, आणि मला वाटतं, तुमच्या लोकांचं सगळ्यात कमी लक्ष इथेच आहे. सुरू करणं सोपं. थांबवायचं कधी, कसं, आधी दिवसा की आधी रात्री? रात्रभराची नोंद करून ठरवायचं, असं मॅडमनी सांगितलं. पण त्यासाठी नव्वद किलोमीटर जायचं, एक रात्र भरती व्हायचं, दर वीस दिवसांनी. एकदा बसच्या कंडक्टरनं सिलिंडर चढवू दिलं नाही. त्याचंही चुकलं नाही, पन्नास माणसांची जबाबदारी त्याच्यावर. मग भाड्याची गाडी. जुलैमध्ये मॅडमची बदली झाली, नवीन डॉक्टरांनी कागद पहिल्यापासून वाचायला घेतला. शेवटी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, वहीतल्या सलग चौदा रात्री दाखवल्यावर, यंत्र बंद झालं. कदाचित महिनाभर आधीही झालं असतं. त्या महिन्याची वीज, तो ताण, नळीच्या चिकटपट्टीनं सोललेले गाल, याचा हिशेब कुठेच नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, ती ऑक्सिजनची नाही पण दुखणं तेच आहे. माझा भाऊ वीस वर्षं खर्रा, म्हणजे तंबाखू घोटलेली सुपारी, खातो. आता त्याचं तोंड दीड बोट उघडतं, उघडायला हवं तीन बोटं. भाकरी कुस्करून दुधात कालवून खातो. त्याला दाताच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. शिकणाऱ्या मुलांनी पट्टीनं तोंड मोजलं, गालाचा तुकडा काढला, फोटो घेतले, फॉर्म भरला. सगळे नीट वागले. सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होते, जबडा जखडतो, पुढे कॅन्सरही होऊ शकतो, हे समजावून सांगितलं. तोंड उघडायचे व्यायाम दिले. पण तो व्यायाम घरी करतो का, खर्रा सुटला का, तोंड आणखी मिटलं का, हे विचारायला आजवर कोणी आलं नाही. आमचा माणूस तुमच्या दारात आला की तुमच्या संशोधनात येतो आणि फाटकाबाहेर पडला की तुमच्या कागदावरून पुसला जातो.

असंच असायला हवं का? नाही, आणि याचा पुरावा विदर्भातलाच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गावातल्या बायांना नवजात बाळ तपासायला, श्वास मोजायला, औषध द्यायला शिकवलं आणि एकोणचाळीस गावांत, बाळाच्या घरात, संशोधन केलं. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. तेव्हाही पुष्कळांना वाटलं असेल की खेड्यातली बाई हे कसं करणार. आज माझ्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ आहे आणि तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या, बेचाळिसाव्या दिवशी मी बाळाच्या घरी जाते, ते त्या कामातून देशभर गेलं. रस्ता होता तेव्हाही कच्चा, वीज तेव्हा आजच्याहून कमी. त्यांनी वीज येईपर्यंत वाट पाहिली नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत.

विदर्भातल्या सरकारी रुग्णालयांतून ऑक्सिजनवर घरी सोडलेलं प्रत्येक बाळ, आणि खेड्यातलं आहे म्हणून न सोडलेलं प्रत्येक बाळ, दोघांचीही नोंद सुरू करा. सही करून नेलेलं बाळही त्यात धरा. वर्षभर वजन, पुन्हा भरती, मृत्यू, लाईन किती वेळ गेली, आईची मजुरी किती बुडाली, सगळं लिहा. नोंद आशा आणि बाळाच्या आया करू शकतात, माझ्या लेकीनं केली. फक्त आशांना या कामाचा मोबदला द्या, फुकटचं काम आमच्या अंगावर आधीच पुष्कळ आहे.

यंत्रं आमच्या घरात तपासा. मे महिन्यात, टिनाखाली, कमी व्होल्टेजवर. कोपऱ्यात उभ्या असलेल्या यंत्रांना बाळाचं फ्लोमीटर आणि पायाच्या पट्टीचा ऑक्सिमीटर जोडून, सोबत एक भरलेलं सिलिंडर देऊन ती तालुक्याला ठेवा, लागेल त्या घराला उसनी द्या, काम झालं की परत घ्या. ज्या घरात असं बाळ आहे त्याचं वीजबिल आणि डीपीची दुरुस्ती यांना वेगळा नियम करायला सांगा. आमच्या अर्जाला जी किंमत नाही ती तुमच्या शिफारशीला आहे.

घरी देण्याचा कागद मराठीत करा, आणि जिथे गोंडी, कोलामी, कोरकू बोलतात तिथे त्या भाषेत तोंडी समजावणारं माणूस द्या. त्यात चूल, शेगडी, धुरी, समई, तेल, कापूस आणि उंदीर हे शब्द असू द्या. कागद लिहिताना चार आयांना आणि दोन आज्यांना जवळ बसवा.

ऑक्सिजन थांबवायची रात्रभराची नोंद तालुक्यातच व्हावी. आकडे साठवणारा ऑक्सिमीटर आशाच्या हाती घरी पाठवा, सकाळी तो परत आणू. तो वाचायला डॉक्टर नव्वद किलोमीटरवर असले तरी चालतील.

आणि हे संशोधन पूर्ण होईस्तोवर ‘खेडं आहे म्हणून नाही’ हा सरसकट निर्णय मागे घ्या. आधी घर बघा, मग ठरवा. एखाद्या घराला खरंच नाही म्हणावं लागेल, ते आम्ही समजून घेऊ. न बघता म्हटलेलं नाही आम्हाला मान्य नाही.

जे निघेल ते गावात येऊन मराठीत सांगा, वाईट निघालं तरी. घरी ऑक्सिजन दिल्यानं आमची बाळं जास्त दगावतात असं निघालं तर मी स्वतः घरोघरी जाऊन सांगेन की दवाखान्यातच राहा. पण ते मोजून सांगा.

परवा मी शेजारच्या गावच्या त्या घरी जाऊन आले. दोन खोल्या, वरून टिन. चूल बाहेर आहे. कापूस अजून शेतात आहे, घरात यायला दोन महिने आहेत. गावठाणची लाईन दिवसातून एक-दोनदा जाते, जास्तीत जास्त दीड तास, हे मी आठ घरी विचारून लिहिलं. पक्क्या रस्त्यापासून घर दोनशे पावलांवर, पावसातही गाडी येते. बाळाचा काका दहावी झालेला, त्याला मी सिलिंडर बदलायला आणि श्वास मोजायला शिकवायला सुरुवात केली आहे, काल त्याचा आणि माझा आकडा जुळला. आमचं फ्लोमीटर कपाटात पडून होतं, ते लेकीनं पुसून काढून ठेवलंय. हा सगळा कागद येत्या गुरुवारी मी त्या डॉक्टरांच्या हातात देणार आहे. सोबत वहीची झेरॉक्स. तिचा दुसरा संच तुमच्यासाठी काढून ठेवला आहे.

आपली,
एक आशाताई आणि एका नातीची आजी